शिंदळ माकुडी जपायची कशी: कुंडी शेवटी, कडा आधी

युरोपातल्या एखाद्या निवडुंगवेड्याच्या काचघरात शिंदळ माकुडी ही वनस्पती सहज भेटते. फांदी कापायची, आठवडाभर सुकवायची, खडीत खोचायची, झालं रोप. आणि तिच्या माहेरी, म्हणजे आपल्या पुणे-सातारा भागातल्या कड्यांवर, तिला बघायचं तर दुर्बीण लावून मान मोडेपर्यंत वर पाहत बसावं लागतं. जगातल्या सर्वांत संकटात असलेल्या बारा वनस्पतींमध्ये एके काळी हिचं नाव घेतलं जायचं. गंमत अशी की रोप वाढवणं इतकं सोपं असूनही ते नाव तिथे होतं. अडचण रोपाची नाहीच, कड्याची आहे.

म्हणून या लेखात कुंडी अगदी शेवटी येईल. गावच्या जैवविविधता समितीवर नाव आहे पण करायचं काय ते माहीत नाही असे लोक, गडावर नेमाने जाणारी पोरं, शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक, अशांसाठी हे लिहितोय. पदवी लागत नाही. बरीशी दुर्बीण, एक वही आणि चार-पाच वर्षं टिकेल एवढी चिकाटी लागते.

पहिली पायरी: ओळख पक्की करा

निकोल डाल्झेल या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६० च्या दशकात हिची शास्त्रीय नोंद केली आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्यावरून फ्रेरिया इंडिका असं नाव ठेवलं. पुढे अभ्यासकांनी तिला बुसेरोसिया वंशात हलवलं. त्यामुळे कागदपत्रांत दोन नावं दिसतील, झाड एकच. कूळ रुईचं.

खोड बोटाएवढं जाड, गोलसर, मांसल, हिरवट-करडं. कड्याच्या भेगेतून निघून खाली लोंबतं. पावसाळ्यात फांद्यांच्या टोकांना जाडसर लांबट पानं येतात, पाऊस सरला की हळूहळू गळतात, आणि मार्चमध्ये उरतात नुसत्या काड्या. नवखा माणूस त्या बघून ‘मेलं’ असं लिहून मोकळा होतो. आमच्या वहीत पहिल्या वर्षी अशा सात ‘मयतां’ची नोंद आहे. जुलैत सातही जणी पानांनिशी हजर.

गोंधळ होतो तो माकडशिंगीशी. तिच्या खोडाला चार धारा असतात आणि पानं नावापुरती. शिंदळ माकुडीच्या खोडाला धारा नाहीत आणि पानं चांगली नजरेत भरणारी. निवडुंगाशी गल्लत झालीच तर काटे बघा. आपल्या डोंगरावरच्या काटेरी निवडुंगाला (युफोर्बियाला) पांढरा चीक असतो, हिला तो नसतो. पण तेवढं तपासायला फांदी मोडू नका. असं ‘तपासून’ टाकलेल्या फांद्या मी कड्याखाली पडलेल्या पाहिल्यात.

फूल दिसलं की मग शंका उरत नाही. श्रावणापासून दसऱ्याच्या आसपासपर्यंत ते मिळतं. रुपयाच्या नाण्याएवढी पाच टोकांची चांदणी, गडद तांबडी-किरमिजी, वर पिवळ्या खुणा, कडेला बारीक केस. सुगंध वगैरे काही नाही, कारण पाहुण्या माश्या आहेत. एकदा हाताला लागेल एवढ्या उंचीवर फूल होतं, त्यावर भिंग धरून बसलो होतो. माशी आली, मधोमध फिरली, तिचा पाय एका फटीत अडकला. दोनदा हिसका दिला तेव्हा सुटला, आणि सुटताना पायाला काहीतरी लटकत होतं: चिमट्याला अडकवलेल्या दोन पिवळ्या पोटल्या. हेच परागकण. सुटे नाहीत, पुडीबंद. ती पुडी दुसऱ्या फुलाच्या तशाच फटीत नेमकी बसली तरच शेंग धरते. फुलं भरपूर आणि शेंगा मोजक्या का, ते त्या दिवशी डोळ्यांनी कळलं. शेंगा शिंगांसारख्या, बहुधा जोडीने येतात, आणि आतल्या बियांना रुईच्या म्हातारीसारखा रेशमी झुपका असतो.

दुसरी पायरी: कडा समजून घ्या

महाबळेश्वरच्या माथ्यावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. अशा मुलखात वाळवंटी बांध्याचं झाड कशाला? तर कडा उभा आहे म्हणून. बेसॉल्टच्या भिंतीवर पडलेलं पाणी क्षणात खाली जातं. भेगेत मूठभर माती, त्यावर दुपारचं ऊन, आणि नोव्हेंबर ते मे थेंब नाही. ते उभं केलेलं वाळवंटच आहे. हिची नातलग मंडळी आफ्रिका आणि अरबस्तानच्या कोरड्या प्रदेशांत पसरली आहेत, ते उगाच नाही.

तिची सोयही तशीच आहे. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं की हिची पानं साध्या झाडासारखी दिवसा हवा घेतात, पण खोड निवडुंगाच्या पद्धतीने चालतं: रंध्रं रात्री उघडायची, कार्बन डायऑक्साइड साठवायचा आणि दिवसा दारं बंद करून वापरायचा, म्हणजे पाणी उडत नाही. पावसाळ्यात पानांची दिवसपाळी, उन्हाळ्यात खोडाची रातपाळी. एकाच झाडात दोन्ही.

हे कळलं की निम्म्या चुका आपोआप टळतात. उन्हाळ्यात कड्यावर पाणी शिंपडायला जाऊ नका. भेगांत माती-शेणखत कोंबू नका. कड्याच्या ओठावर झाडं लावून सावली करू नका. गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) तर अजिबात नको. जूनमध्ये उत्साहाने फेकले जाणारे बीजगोळे कड्याच्या दिशेने जाणार नाहीत हे बघा. उघडा कातळ बघितला की ‘इथे काहीच नाही, झाडं लावूया’ असं आपल्याला वाटतं. ज्याला आपण काहीच नाही म्हणतो ते तिचं घर असतं.

तिसरी पायरी: कडा कुणाच्या नावावर आहे?

हे काम कंटाळवाणं आहे आणि नेमकं म्हणूनच कुणी करत नाही. एकाच कड्याचा माथा खाजगी, भिंत वनखात्याची आणि पायथा गायरान असं सर्रास असतं. तलाठ्याकडून गट नंबर आणि गावनकाशा घ्या, वनरक्षकाकडून कक्ष क्रमांक घ्या आणि दोन्ही एकमेकांवर ठेवून बघा. गड असेल तर तो केंद्राच्या पुरातत्त्व खात्याचा, राज्याच्या, की कुणाचाच नाही, तेही विचारा. केंद्राच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. बांधकाम त्यामुळे थांबतं. मात्र तटावरचं ‘तण’ काढणं त्यामुळे थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

वनक्षेत्रात हात लावायच्या कुठल्याही कामाला उपवनसंरक्षकांची लेखी परवानगी घ्या. निव्वळ बघण्या-मोजण्यासाठीही वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पत्र देऊन ठेवलेलं बरं. वणव्याच्या दिवसांत हीच ओळख कामी येते.

मग ग्रामपंचायत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात असते, कधी कुणी बाहेरून भरून दिलेली. ती काढा. शिंदळ माकुडी त्यात नसेल तर ग्रामसभेत विषय घेऊन नोंदवून घ्या: स्थानिक नाव, कोणत्या महिन्यात काय दिसतं, कुणाला माहीत आहे. नेमकं ठिकाण मात्र नोंदवहीच्या सार्वजनिक भागात लिहू नका. गाव तयार असेल तर पुढे कलम ३७ खाली जैवविविधता वारसा स्थळाचा प्रस्ताव राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवता येतो. गडचिरोलीतलं ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ आणि आंबोलीचं हिरण्यकेशी ही अशीच जाहीर झालेली स्थळं. आंबोलीत तर निमित्त एका छोट्या माशाचं होतं. तेव्हा एका फुलासाठी मागायला संकोच नको.

चौथी पायरी: मोजा, दर वर्षी, त्याच जागेवरून

दोर लावून कड्यावर उतरायची गरज नाही. उलट दोर घासून भेगेतली माती आणि झाडं दोन्ही निघतात. समोरच्या सोंडेवर किंवा पायथ्याला दोन-तीन जागा ठरवा, जिथून भिंत नीट दिसते. तिथल्या मोठ्या दगडावर रंग फासू नका. आजूबाजूच्या खुणा वहीत लिहा आणि उभं राहायच्या जागेचा फोटो ठेवा. दर खेपेला त्याच जागेवरून, त्याच झूमवर कड्याचे फोटो घ्यायचे, एकाला एक जोडून. घरी येऊन छापलेल्या फोटोवर प्रत्येक झुबक्याला क्रमांक द्या.

मोजायचं एकक झुबका. फांद्या मोजत बसलात तर दोन माणसांचे आकडे कधी जुळणार नाहीत. वर्षातून तीन खेपा पुरतात. सप्टेंबरमध्ये पानं-फुलं असतात, झुबके मोजायला हा काळ उत्तम. डिसेंबर-जानेवारीत शेंगा मोजा. एप्रिल-मेमध्ये नुसत्या काड्यांची खेप: वणव्यानंतर काय उरलं ते तेव्हाच कळतं. तारीख, वेळ, कोण होतं, किती झुबके, किती फुलले, किती शेंगा, किती नवी रोपं, आणि काही बिघाड: दरड, राख, शेळ्यांच्या लेंड्या, ताजी छाटलेली फांदी. एवढे रकाने बास. दोघांनी वेगवेगळं मोजायचं आणि मग आकडे एकमेकांना दाखवायचे. फरक आला तर दोन्ही आकडे लिहायचे, सरासरी काढून सोवळं व्हायचं नाही.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘नवी रोपं’ हा. जुने झुबके वर्षानुवर्षं लोंबत राहतात आणि आपल्याला वाटतं सगळं आलबेल आहे. नवं रोपच दिसत नसेल तर तो कडा म्हणजे फक्त म्हाताऱ्यांचं गाव झालंय.

पाचवी पायरी: तोंड बंद ठेवा

ही पायरी मी चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी पायवाटेला लागून, हात पोहोचेल अशा उंचीवर तीन झुबके होते. फुललेले फोटो काढले आणि त्याच संध्याकाळी दोन-तीन ग्रुपवर मूळ फाइल पाठवल्या, नीट दिसावेत म्हणून. फोनचं लोकेशन चालू होतं. पुढच्या वर्षी तिथे तीन भेगा होत्या आणि कातळावर खरवडल्याच्या पांढऱ्या रेषा. कुणी नेले ते कळलं नाही. रस्ता मी दाखवला, एवढं मात्र नक्की.

तेव्हा कॅमेऱ्याच्या सेटिंगमधलं लोकेशन बंद करा, नुसतं ‘या वेळेपुरतं’ नाही, कायमचं. फोटो टाकायचाच तर तालुका सांगू नका, जिल्हा पुरे. मागचा सुळका, बुरूज, मंदिर ओळखू येत असेल तर कापून टाका. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना जागा धूसर ठेवायचा पर्याय निवडा. नेमके अक्षांश-रेखांश एका कागदावर, दोन माणसांकडे आणि वनखात्याच्या फाइलीत. या लेखातही मी कुठल्या गडाचं नाव घेतलेलं नाही ते यासाठीच. ‘फुलं दाखवायला नेतो’ म्हणणाऱ्या सहली काढू नका. हे झाड म्हणजे कास पठार नव्हे; इथे फुलांचा गालिचा नसतो, चार झुबके असतात.

सहावी पायरी: धोके एकेक करून

वणवा पहिला. फेब्रुवारीपासून वाळलेलं गवत पेटतं आणि कड्याच्या पायथ्याची आग भिंतीवरून वर चढते. मांसल खोड जळत नाही, शिजतं. बाहेरून करडं दिसतं आणि महिन्याने गळून पडतं. जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढलेला पट्टा) डिसेंबर-जानेवारीतच, गवत पूर्ण वाळायच्या आत काढून घ्यायला वनखात्याच्या मागे लागा. ती कड्यापासून खाली, उताराच्या अंगाला हवी. जाळरेषेसाठी जाळतानाच आग हाताबाहेर जाते असंही होतं, म्हणून कड्याजवळचा पट्टा विळ्याने कापून गवत वाहून न्यावं. गवत हवं असणारे लोक गावात असतातच, फुकट म्हटलं तर कापून नेतात. कड्याच्या बेचक्यांत घुसलेली घाणेरी आणि रानमोडीही याच वेळी काढा, पावसाळ्यात मुळं ओढाल तर भेगेतली माती सुटेल.

शेळ्या. इथे भांडायला जाऊ नका. शेळी जिथे पोहोचते तिथे माकुडी बहुधा आधीच गेलेली असते. जे उरलंय ते शेळीच्या टप्प्यापलीकडचं. राखणारा माणूस मात्र रोज तिथे असतो, आपण वर्षातून तीनदा. आमच्या कड्यावर एक धनगर मामा आहेत. पहिल्या वर्षी त्यांना फोटो दाखवला तर म्हणाले, “ही व्हय? ही तर त्या अंगाला बी हाय की.” त्या अंगाला अकरा झुबके निघाले. आता धूर दिसला की पहिला फोन त्यांचाच येतो. त्यांचं नाव ग्रामसभेच्या ठरावात निरीक्षक म्हणून घातलंय आणि ते त्यांना आवडलं आहे.

घाटरस्ते आणि दरडींच्या जाळ्या हा नवा धोका. दरड पडू नये म्हणून भिंत खरवडतात, सुरुंग लावतात, वर लोखंडी जाळी ठोकतात. हे काम थांबवा असं म्हणण्यात अर्थ नाही, खाली माणसं जातात. पण काम निघायच्या आधी तुमचा क्रमांकित फोटो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याच्या टेबलावर असेल तर चार मीटरचा तुकडा सोडता येतो. निविदा निघाल्यावर गेलात तर चहा मिळतो, तुकडा नाही.

आणि आपलीच माणसं. गडसंवर्धनाच्या मोहिमांत तट-कडे ‘स्वच्छ’ करतात. पिंपळ-वड तटाला फोडतात, ते काढायलाच हवेत. पण विळा चालतो तेव्हा सगळ्यावर चालतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठा लष्करी भूदृश्यांमधले १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा गडांवरची कामं आणि गर्दी दोन्ही वाढणार. मोहिमेच्या सकाळी, विळे वाटायच्या आधी, पाच मिनिटं मागा. उन्हाळ्यातल्या पानं नसलेल्या काड्यांचा फोटो दाखवा, फुलांचा नाही. मोहिमा उन्हाळ्यात असतात आणि तेव्हा ती काड्यांच्याच रूपात दिसते.

सातवी पायरी: आता कुंडी

कुंडीतली रोपं दोन कारणांसाठी: कडा कोसळला तर विमा म्हणून, आणि हौशी लोकांना कड्याकडे बघायची गरज पडू नये म्हणून. मूळ फांदी कड्यावरून आणायची नाही. विद्यापीठांच्या आणि संशोधन संस्थांच्या बागांत ही वाढवलेली आहे, ऊतिसंवर्धनानेही तिची रोपं तयार झाली आहेत. तिथून रीतसर मागा. दरडीच्या कामात कापली जाणारच असलेली फांदी परवानगीने वाचवता आली तर तेवढा अपवाद.

वीतभर फांदी धारदार पात्याने कापा, सावलीत सहा-सात दिवस ठेवून काप सुकू द्या. निम्मी बारीक खडी किंवा विटांचा चुरा, बाकी मुरूम आणि थोडं पालापाचोळ्याचं खत. मातीची कुंडी, खाली बशी नाही. फांदी बोटाच्या एका पेराएवढीच आत. पहिला आठवडा पाणी नाही. मग वरची दोन बोटं कोरडी झाल्यावरच. पानं असताना पाणी लागतं. पानं गळायला लागली की हात आखडा. या वेळी घरातलं कुणीतरी मायेने पाणी घालतं आणि बुडखा कुजतो. आमची बहुतेक रोपं अशीच गेली, उपाशी एकही नाही. पावसाळ्यात संततधारेखाली ठेवू नका, पागोळीच्या आत, सकाळचं ऊन येईल तिथे. रुईवर येणाऱ्या नारिंगी फुलपाखराच्या काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या हिच्यावरही ताव मारतात. उचलून अंगणातल्या रुईवर सोडायच्या.

प्रत्येक कुंडीला धातूची पट्टी: कोणत्या कड्याची, कोणत्या झुबक्याची, कधीची. पट्टी हरवली की ते शोभेचं झाड झालं. एका फांदीपासून शंभर रोपं केली तरी ती एकाच झाडाच्या शंभर प्रती असतात. रोग आला तर सगळ्यांना सारखाच. म्हणून दहा झुबक्यांची एकेक फांदी ही एका झुबक्याच्या पन्नास फांद्यांपेक्षा कितीतरी मोलाची. बिया मिळाल्या तर आणखी चांगलं. परवानगी असेल तर शेंग फुटायच्या आधी तिला पातळ कापडाची पिशवी बांधा, आणि दहातली एकच शेंग घ्या. बिया ताज्या असतानाच पेरा.

आठवी पायरी: परत कड्यावर, अगदी शेवटी

वणवा थांबला, जागेचा पत्ता गुप्त राहिला, तीन वर्षांची मोजणी हातात आली, मगच. आधी केलंत तर ते रोप मारण्याचं काम आहे. त्याच कड्याची रोपं त्याच कड्यावर. पुण्याच्या गडावरचं साताऱ्याच्या भिंतीवर नाही. जूनचे पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाले की, ज्या दिशेला जुने झुबके आहेत त्याच तोंडाच्या भेगा निवडा. धबधब्याची वाट टाळा. मुळांभोवती तिथलीच माती आणि थोडं शेवाळ, वर एक चपटा दगड पाचर म्हणून. दोरावर उतरणारा माणूस अनुभवी हवा आणि जुन्या झुबक्यांपासून लांबून उतरणारा हवा. दहा रोपांपासून सुरुवात करा, शंभरांपासून नाही.

फोटोचा कार्यक्रम त्या दिवशी करू नका. पुढच्या मेमध्ये जिवंत किती ते मोजा. मग फुललं का ते. मग शेंग. आणि त्यानंतर दुर्बिणीने लावलेल्या रोपांच्या खालच्या भेगा बघत राहा. लावलेली दहा आम्हाला माहीत आहेत, त्यांचे क्रमांक वहीत आहेत. नखाएवढी दोन पानं घेऊन एखाद्या भेगेत अकरावं रोप बसलेलं असेल, ज्याला क्रमांक नाही, तर ते अजून आमच्या वहीत आलेलं नाही. दर सप्टेंबरला तो रकाना उघडा ठेवून बसतो.